अंडं लहान झालं की अंगठा मोठा? हिब्रू मापांचा घोळ

नमस्कार मंडळी! आज जुनी हिब्रू मापं, आणि त्यातली पण फक्त तेल, पाणी, वाइन मोजायची. कोष्टक सोप्पंय, 12 लोगचा एक हिन, 6 हिनचा एक बाथ, 10 बाथचा एक कोर, झालं. खरा लोचा पुढे आहे, कारण मुळात एक लोग म्हणजे किती?

ज्यू परंपरेत याचं उत्तर आहे सहा अंडी. हो, कोंबडीची! सहा अंडी जेवढी जागा घेतात तेवढा एक लोग, आणि त्याचा पाव हिस्सा म्हणजे रेविईत, दीड अंडं. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथला (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) किद्दुशचा, म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थनेचा, पेला भरतात ना, त्यात निदान एवढं तरी मावायला हवं. आपल्या कोकणातले बेने इस्रायल त्यात मनुकांचं सरबत घेतात.

पण तालमूदमध्ये (ज्यूंचा धर्मशास्त्राचा ग्रंथ) हीच रेविईत अंगठ्याच्या रुंदीवरूनही काढलीये, दोन बाय दोन आणि उंची 2.7. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) यहेज्केल लांडाऊ यांनी दोन्ही मोजून बघितलं तर अंगठ्याचं माप अंड्यांच्या जवळजवळ दुप्पट! आता माणसाचा अंगठा वाढला असेल हे काही त्यांना पटेना, मग ते म्हणाले अंडीच निम्मी झालीत. बिचाऱ्या कोंबड्या 😄

हसू नका, हा वाद अजून चालू आहे. रब्बी हायिम नाए यांच्या हिशोबात रेविईत 86 मिली, हझोन ईश या दुसऱ्या रब्बींच्या मताने साधारण 150. पेसाहच्या सणाला वाइनचे चार पेले प्यायचे असतात, म्हणजे एका घरात 344 मिली आणि शेजारच्या घरात 600, करा हिशोब!

बरं, उत्खननातून तरी सुटेल? इस्रायलमधल्या लाखीश या प्राचीन शहरासारख्या ठिकाणी 'बाथ' लिहिलेली खापरं मिळालीत, पण रांजण फुटलेले, त्यामुळे तुकड्यांवरून अंदाज बांधला, बाथ सुमारे 22 लिटर. आणि पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या आकड्यावरून तोच बाथ 39 लिटरच्या आसपास जातो.

याने काय फरक पडतो म्हणाल तर बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचं बघा. यरुशलेमच्या वेढ्याची खूण म्हणून त्याला 390 दिवस एका कुशीवर पडून राहायचं होतं आणि पाणी रोज फक्त हिनचा सहावा भाग. 22 लिटरचा बाथ धरला तर दिवसाला 600 मिली, जोसेफसचा धरला तर लिटरभराच्या थोडं वर.