तालुक्याचं कोर्ट उठलं तर

मित्रहो, कोर्ट बंद करायचा प्रस्ताव येतो तेव्हा सोबत एक टक्केवारी येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० साली ३२३ मॅजिस्ट्रेट कोर्टं, म्हणजे फौजदारी कामाची खालची कोर्टं, होती. २०१९पर्यंत त्यांतली १६२ बंद झाली. मुख्य आधार होता दालनांचा वापर: दालन किती तास मोकळं होतं आणि सुनावणी प्रत्यक्षात किती तास चालली. २०१५मध्ये ९१ इमारतींचा प्रस्ताव आला, २०१६मध्ये त्यांतल्या ८६ बंद करायचं ठरलं. इमारतीपुरता हा हिशेब बरोबरच होता. पण साक्षीदार घरून कोर्टात कसा येतो, हे त्या टक्केवारीत कुठून दिसणार?

बऱ्याच उशिरा, २०१९ साली, तिथल्या सरकारने प्रवासाची पट्टी जाहीर केली. कोर्टाचं काम असलेल्या माणसाला सकाळी साडेसातच्या आधी घर सोडावं लागू नये आणि संध्याकाळी साडेसातपर्यंत तो परत पोचावा, गरज पडल्यास सार्वजनिक वाहनाने. हीच पट्टी आपल्या एखाद्या दुर्गम तालुक्याला लावून बघा. गावात मुक्कामी एसटी एकच, ती पहाटे सुटते. तालुक्याला उतरून जिल्ह्याची गाडी धरायची आणि अकराच्या पुकाऱ्याला हजर व्हायचं. प्रकरण दुपारनंतर निघालं, तर परतीची गाडी गेलेली. तो साक्षीदार पुढच्या तारखेला येत नाही. मग वॉरंट, पुन्हा तारीख. बंद केलेल्या कोर्टाचा वाचलेला खर्च असा दुसऱ्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे रोजच्या कामाच्या यादीवर, चढतो.

फौजदारी बाजूला अडचण जास्त टोकदार आहे. अटकेनंतर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२नुसार आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५८नुसार बंधनकारक आहे. मात्र या चोवीस तासांत प्रवासाचा वेळ धरत नाहीत. म्हणजे कोर्ट जितकं लांब, तितका आरोपी कायदेशीररीत्याच जास्त वेळ पोलिसांच्या ताब्यात. ‘व्हिडिओ कॉन्फरन्स आहे ना’ असं लगेच कोणीतरी म्हणतं. कलम १८७ वाचा. न्यायालयीन कोठडी वाढवायला पडदा चालतो, पोलीस कोठडीसाठी आरोपी दर वेळी प्रत्यक्षच उभा करावा लागतो. तालुक्याच्या ठाण्यातून दोन शिपाई आणि गाडी दिवसभर जिल्ह्याला गेली, तर मागे ठाण्यात उरतं कोण?

दिवाणी कामांना कायद्याने वाट ठेवलेली आहे, त्याची फार भीती नको. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५०नुसार, काम दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झालं की त्या कोर्टाला जुन्याचेच अधिकार मिळतात. हुकूमनामा (दाव्याचा अंतिम निकाल) देणारं कोर्टच उरलं नसेल, तर कलम ३७ बघायचं: आज तो दावा जिथे दाखल झाला असता, तिथे दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. मनाई हुकूमही कोर्ट उठलं म्हणून आपोआप उठत नाही.

घोळ होतो तो मुद्देमालात. कोयता, दारूच्या बाटल्या, जप्त दुचाकी, पंचांच्या सह्यांची लेबलं लावलेली पाकिटं. प्रत्येक वस्तू रजिस्टरमधल्या नोंदीशी, गुन्हा क्रमांकाशी आणि खटला क्रमांकाशी जुळवूनच हलवायची असते. सील तुटलं किंवा लेबल पावसात पुसलं, की ‘जप्त केलेली वस्तू हीच’ हे सिद्ध करणं अवघड होतं. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो. ट्रकमध्ये भरायच्या आधी दोन्हीकडच्या जबाबदार कर्मचाऱ्यांनी यादी समोरासमोर तपासून सह्या केल्या पाहिजेत. फाइलींचंही तेच. पानांवर क्रमांक घातल्याशिवाय एकही बस्ता (फाइलींचा गठ्ठा) हलवू नये.

आणि एक बारीक गोष्ट, पक्षकाराला हमखास नडणारी. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२नुसार हुकूमनाम्याची नक्कल तयार व्हायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. नक्कल तयार होऊन पडली आणि ‘पुढच्या आठवड्यात जिल्ह्याला जाणारच आहे, तेव्हा आणू’ म्हणून थांबलात, तर ते दिवस मात्र वजा होत नाहीत.