रक्तात गेलं म्हणजे अंगी लागलं का? शोषण, सात्मीकरण अन् समायोजनाचा घोळ

नमस्कार मंडळी. शिक्षक पात्रतेच्या टीईटीवाले अन् लातूरकडचे डॉक्टरकीच्या नीटवाले, दोघंही एकच विचारायलेत: सात्मीकरण म्हणजे बाहेरचं घेऊन आपलंसं करणं, पण विज्ञानातलं सात्मीकरण अन् बालमानसशास्त्रातलं सात्मीकरण एकच का? मूळ एकच. ज्याँ पियाजे हा स्विस गडी आधी जीवशास्त्राचा, मृदुकाय प्राण्यांवर डॉक्टरेट केलेला. तिथूनच त्यानं ही कल्पना मुलांच्या शिकण्यात आणली.

अन्नाचे टप्पे पटकन: अंतर्ग्रहण, पचन, शोषण, सात्मीकरण, उत्सर्ग. पाठ असतील. गाडी अडते ती शोषण अन् सात्मीकरणात. लहान आतड्याच्या अस्तरातून अमिनो आम्लं, ग्लुकोज रक्तात गेलं, हे शोषण. स्नायूच्या पेशीनं त्या अमिनो आम्लांचं स्वतःचं प्रथिन बांधलं, यकृतानं ग्लुकोजचं ग्लायकोजेन करून ठेवलं, तेव्हा सात्मीकरण. तरी दर व्हिडिओखाली कुणीतरी लिहितंच, "रक्तात गेलं म्हणजे अंगी लागलंच की." नाही लागलं!

पटत नसेल तर पाण्याचा ताण बसलेली ज्वारी बघा. मुळं जमिनीतून नायट्रेट ओढतात. झाड त्याचं आधी नायट्राइट करतं, मग अमोनिया, मग ग्लुटामिनसारखी अमिनो आम्लं. पहिली पायरी नायट्रेट रिडक्टेज या विकराची (एन्झाइमची). पावसानं ओढ दिली की हा विकर मंदावतो अन् नायट्रेट ताटात, म्हणजे खोडात, तसंच साचतं, सगळ्यात जास्त बुडख्याकडं. म्हणजे शोषण झालं, सात्मीकरण राहिलं. तोच चारा जनावराच्या पोटात गेला की नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात उतरतं अन् रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही. रक्त चॉकलेटी दिसतं. म्हणून युरिया दिलेली, ताणातली ज्वारी पाऊस पडल्या पडल्या कापून घालू नका. कापायचीच वेळ आली तर खालचा वीतभर बुडखा रानातच सोडा. "वाळवली की किराळ जाते" म्हणणाऱ्यांनो, ते विष वेगळं, कोवळ्या फुटव्यातल्या सायनाइडचं. वाळवल्यावर ते कमी होतं. नायट्रेट कडब्यातही राहतं. मुरघासात मात्र बरंच उतरतं.

आता पियाजे. गाय ओळखणारं पोरगं पहिल्यांदा म्हैस बघतं अन् ओरडतं, "गाय!" हे सात्मीकरण. नवा अनुभव त्यानं जुन्या साच्यात बसवला. "पण सर, उत्तर तर चुकलं!" चुकू द्या की. बरोबर-चूक हा मुद्दाच नाही. आई म्हणते, "आरं, ती म्हैस हाय." मग पोराच्या डोक्यात गायीपासून वेगळं असं म्हशीचं खातं उघडतं, तेव्हा समायोजन. प्रश्न सोडवताना फक्त एवढं विचारा: बदललं कोण? आत येणारं बदललं तर सात्मीकरण, आतला साचा बदलला तर समायोजन. ज्वारीत नायट्रेट बदललंच नाही, म्हणून घात झाला.

भाषेतही सात्मीकरण असतं: शब्दातला एक वर्ण शेजारच्या वर्णासारखा होतो. तिथंही हाच प्रश्न, फक्त दिशा बघायची. जगत् अधिक नाथ, जगन्नाथ. पुढच्या न मुळं मागचा त वाकला. सप्तचं प्राकृतात सत्त झालं, मग आपलं सात. तिथंही मागचाच वाकला. पण अग्नीचं अग्गि झालं, मग आग. तिथं पुढचा न मागच्या ग पुढं वाकला. "नेहमी पहिलाच वर्ण बदलतो" असं ज्या नोट्समध्ये लिहिलंय, त्या नोट्स बाजूला ठेवा.

संस्कृतीत जरा सांभाळून. मिल्टन गॉर्डन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1964 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या: दुसऱ्या समाजाचा भाषा-पेहराव उचलणं एक, अन् त्या समाजाच्या मैत्रीत, संस्थांत, घरांत बरोबरीनं शिरणं दुसरं. पहिली झाली म्हणून दुसरी होतेच असं नाही. अन् उचलाउचल दोन्ही बाजूंनी होते. आपल्याकडचं बघा. निजामाचं राज्य 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, पण इनामाच्या कागदांत मुंतखब (इनामाचा सरकारी दाखला) हा शब्द राहिला, अन् त्याला आपण मराठी प्रत्यय लावून "मुंतखबात नाव आहे" म्हणतो. उलट दखनी (दख्खनची उर्दू) बोलणारा "ऐसाच है" म्हणतो, तो "च" मराठीतून गेलेला. पेपरात एकाच बाजूनं दुसऱ्याला गिळलं असा पर्याय दिसला, तर खोडायला आधी तोच घ्या.