महापालिकेचा फुटबॉल क्लब : सोंगनामची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज दक्षिण कोरियातल्या एका फुटबॉल क्लबविषयी बोलायचं आहे. क्लबचं नाव सोंगनाम एफसी. सोंगनाम हे राजधानी सोलला दक्षिणेकडून खेटून असलेलं शहर. आणि या क्लबचा मालक कोण? कुणी उद्योगपती नाही, कुठली कंपनी नाही. मालक आहे महापालिका. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. क्लब शहराचा आहे.

पण जन्मला तेव्हा तो शहराचा नव्हता. कोरियातली व्यावसायिक लीग १९८३ मध्ये सुरू झाली, ती मोठ्या कंपन्यांच्या जोरावर. त्यातच १९८९ मध्ये इल्ह्वा नावाच्या कंपनीनं आपला संघ उभा केला. ही कंपनी जवापासून बनवलेलं एक थंड पेय विकायची, आणि तिच्यामागे होता मून सन-म्युंग यांचा युनिफिकेशन चर्च हा धर्मपंथ. संघाच्या चिन्हावर उडता घोडा. पैसा होता, खेळाडू चांगले होते. १९९३, ९४, ९५ अशी सलग तीन वर्षं त्यांनी लीग जिंकली. पुढे २००१, २००२, २००३, पुन्हा सलग तीन. २००६ मध्ये सातवं विजेतेपद. तेव्हाचा तो विक्रम होता.

मात्र या संघाचं बिऱ्हाड कायम पाठीवर. आधी सोल. मग लीगनं क्लबांना राजधानीबाहेर पाठवलं, तेव्हा १९९६ मध्ये चॉनान. तिथून २००० मध्ये सोंगनाम. इथेही सगळ्यांनी हार घेऊन स्वागत केलं असं नाही. शहरातल्या प्रोटेस्टंट मंडळींचा या पंथाला विरोध होता, म्हणून संघालाही विरोध.

आणि हे शहर कसं वसलं, तेही ऐका. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सोलमधल्या झोपड्या पाडल्या गेल्या आणि तिथल्या माणसांना इथल्या डोंगरउतारावर आणून सोडलं. ना धड पाणी, ना रोजगार. ऑगस्ट १९७१ मध्ये ही माणसं रस्त्यावर उतरली, मोठा उद्रेक झाला. १९७३ मध्ये त्या वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. मुंबईत चाळीतून, झोपडपट्टीतून उचलून दूर कुठेतरी नेऊन टाकलेल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे १९९०च्या दशकात त्याच शहरात बुंदांग या नव्या वसाहतीचे टोलेजंग टॉवर उभे राहिले. एका शहरात दोन शहरं झाली. दोघांचं सामाईक असं फार थोडं होतं, त्यातला एक हा संघ.

२०१० मध्ये हा संघ आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेचा विजेता झाला. टोकियोतल्या अंतिम सामन्यात इराणच्या झोब आहानला ३-१ असं हरवलं. प्रशिक्षक होते शिन ते-योंग, याच क्लबकडून बारा-तेरा वर्षं खेळलेले. २०१८च्या विश्वचषकात जर्मनीला २-० हरवणाऱ्या कोरियाचे प्रशिक्षक, तेच हे. इथे एक सांगून टाकतो. त्याच २०१० साली आपल्या मुंबईत महिंद्रा युनायटेड हा नामांकित संघ कंपनीनं बंद केला. एक निर्णय झाला आणि संघ संपला. कंपनीच्या संघाचं हे असं असतं, मला ते अजून लागतं.

सोंगनामवरही तीच वेळ आली. २०१२ मध्ये मून वारले आणि त्यांच्या पंथानं संघाचा खर्च थांबवायचं ठरवलं. संघ जवळच्या आन्सान शहरात जाणार अशा बातम्या आल्या. पुन्हा बिऱ्हाड! पण या वेळी चाहते उठले. आमचा संघ आमच्या शहरात राहिला पाहिजे, अशी मागणी त्यांनी लावून धरली. आणि २ ऑक्टोबर २०१३ रोजी महापौर ली जे-म्यंग यांनी जाहीर केलं की संघ महापालिका घेईल. हे ली लहान वयात याच शहरातल्या कारखान्यांत राबलेले, यंत्रात हात दुखावलेला. २०१४ च्या जानेवारीत नवा क्लब उभा राहिला. उडता घोडा गेला आणि त्या जागी शहराचा पक्षी आला, मॅगपाय. क्लब शहराचा झाला.

आता मला जे सांगायचंच आहे, त्याकडे येतो.

२०१४ हे पहिलंच वर्ष, आणि सुरुवात वाईट. प्रशिक्षक म्हणून आणलं पार्क जोंग-ह्वान यांना. मोठं नाव. १९९३ ते ९५ ची तिन्ही विजेतेपदं त्यांच्या हाताखाली आलेली, आणि वय पंचाहत्तरच्या घरात. पण त्यांनी खेळाडूंवर हात उगारला आणि एप्रिलमध्येच त्यांना जावं लागलं. बरं झालं. शिस्त म्हणजे मार, असं मानणारे प्रशिक्षक आपल्याकडच्या शाळांच्या मैदानांवरही आहेत, आणि पालक ते खपवून घेतात. खपवून घेऊ नका. मार खाऊन कुणाचाही पास सुधारलेला नाही.

तर प्रशिक्षक बदलत गेले, संघ तळाकडे घसरत गेला, आणि सप्टेंबरमध्ये आले किम हाक-बॉम. हा माणूस मला फार आवडतो. स्वतः मोठा खेळाडू नव्हता. बँकेच्या संघाकडून खेळला, बँकेत नोकरी केली, पुढे फुटबॉलचा अभ्यास करत डॉक्टरेट मिळवली. २००६ चं विजेतेपद याच किम यांचं. त्यांच्यासमोर दोन कामं होती. लीगमध्ये खालच्या श्रेणीत जाण्यापासून संघ वाचवायचा, आणि कोरियन एफए कप या देशातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत जमेल तितकं पुढे जायचं. कपच्या उपांत्य सामन्यात त्या वर्षीचा लीग विजेता जनबुक समोर होता. तो सामना पेनल्टींवर जिंकला. आणि अंतिम सामना आला २३ नोव्हेंबर २०१४ रोजी. समोर एफसी सोल. मैदान सोलचं, प्रेक्षक सोलचे, पैसा सोलचा. आदल्याच वर्षी एफसी सोल आशियाच्या अंतिम फेरीत खेळला होता.

नव्वद मिनिटं झाली. गोल नाही. जादा वेळेची तीस मिनिटं सरत आली. गोल नाही. आता पेनल्टी. इथे सोलचे प्रशिक्षक चोई योंग-सू यांच्याकडे एक हुकमाचं पान होतं. राखीव गोलरक्षक यू सांग-हून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धेत यू सांग-हूननं पोहांग या कोरियातल्याच क्लबविरुद्ध पेनल्टींवर कमाल केली होती. पोहांगचे तीन खेळाडू आले, तिघांचेही फटके त्यानं अडवले. तिन्ही! तेव्हा चोई यांनी ठरवलं, शेवटच्या क्षणी नियमित गोलरक्षकाला बाहेर काढायचं आणि यूला आत पाठवायचं. यू तयार होऊन रेषेपाशी आला.

पण श्रोतेहो, नियम काय आहे? खेळ थांबल्याशिवाय खेळाडू बदलता येत नाही. चेंडू बाहेर जायला हवा, फाउल व्हायला हवा, काहीतरी व्हायला हवं. पुन्हा सांगतो, खेळ थांबला तरच बदल.

आणि चेंडू होता सोंगनामच्या पायांत.

सोंगनामच्या खेळाडूंनी काय करावं? गोल करायला ते धावलेच नाहीत. मागे पास, आडवा पास, पुन्हा मागे. चेंडू रेषेबाहेर जाऊ दिला नाही, फाउल होऊ दिला नाही. एकशेवीस मिनिटं धावून पाय भरून आलेले असताना चेंडू नुसता उंच भिरकावून द्यावासा वाटतो. दिला असता तर तो बाहेर गेला असता आणि यू आत आला असता. पण कुणीही भिरकावला नाही. आपापसात फिरवत राहिले, फिरवत राहिले, आणि पंचांनी शिट्टी वाजवली. सामना संपला. यू रेषेबाहेरच राहिला.

पेनल्टीला सोलचा नियमित गोलरक्षक उभा. सोंगनामकडून गोलरक्षक पार्क जुन-ह्योक. पार्कनं दोन फटके अडवले. सोंगनामचे चारही गोलांत. ४-२! महापालिकेच्या क्लबनं पहिल्याच वर्षी, राजधानीत जाऊन, राजधानीच्या संघाकडून कप आणला.

पेनल्टी म्हणजे नुसतं नशीब, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, ते यामुळेच. पेनल्टी मारण्याआधीच ती लढाई अर्धी जिंकलेली होती, डोकं शांत ठेवून मारलेल्या साध्या आडव्या पासांनी. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मैदानावर शिकवणाऱ्यांनी ती शेवटची मिनिटं मुलांना दाखवावीत. अर्थात त्यासाठी आधी मैदान हवं. आपल्या महापालिका आपली मैदानं लग्नांना आणि प्रदर्शनांना भाड्यानं देतात, मांडवाचे खड्डे महिनोन्‌महिने बुजत नाहीत, आणि मुलं खेळत नाहीत म्हणून आपण मोबाइलला दोष देतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या वर्षी संघ लीगमध्येही वाचला, नववा आला. २०१५ मध्ये आशियाई स्पर्धेच्या बाद फेरीत पोचला. चीनच्या गडगंज ग्वांगझू एव्हरग्रांडला घरच्या मैदानावर २-१ असं हरवलं, पण परतीच्या सामन्यात ०-२ हार पत्करून बाहेर पडला. २०१६ मध्ये जवळच्या सुवोन शहराच्या क्लबशी सामने होते, तेव्हा दोन्ही शहरांच्या महापौरांनी पैज लावली, जिंकणाऱ्याचा झेंडा हरणाऱ्याच्या शहरात फडकेल. पहिल्या सामन्याला १२ हजारांहून जास्त लोक आले. आणि त्याच हंगामाच्या शेवटी दोन्ही क्लब खालच्या श्रेणीत गेले. दोन्ही! तोपर्यंत किम यांना काढून झालं होतं. त्यांनी २०१८ च्या आशियाई खेळांत कोरियाला सुवर्णपदक मिळवून दिलं.

सोंगनाम २०१८ मध्ये वर चढला, २०२२ मध्ये पुन्हा खाली. त्याच वर्षी आलेल्या नव्या महापौरांनी क्लब विकायची भाषा केली, चाहते पुन्हा उभे राहिले, आणि क्लब महापालिकेकडेच राहिला. आधीचे महापौर ली यांच्यावर, क्लबला मिळालेल्या प्रायोजकांच्या पैशांच्या बदल्यात कंपन्यांना सवलती दिल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये खटला दाखल झाला. त्यांनी आरोप नाकारले, आणि २०२५ मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. शहराचा क्लब म्हटला की महापौराची खुर्ची हलली की क्लबही हलतो. हे टाळायचं तर क्लबचा हिशेब दर वर्षी नागरिकांसमोर उघडा ठेवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

२०२४ मध्ये सोंगनाम दुसऱ्या श्रेणीत तळाला होता. २०२५ मध्ये तोच संघ पाचवा येऊन बढतीच्या प्ले-ऑफपर्यंत पोचला. वर मात्र जाता आलं नाही. नमस्कार.