औदुंबराचे पाय

(डोह. काठावर उंबर, मुळं पाण्यात.)

हा उंबर बालकवींच्या 'औदुंबर' कवितेतला नव्हे. कवितेतलं झाड कुठलं, गाव कुठलं, हे बालकवींनी सांगितलेलंच नाही. आम्हाला पाण्यात पाय सोडून बसलेला उंबर हवा होता, तो इथे मिळाला.

(वरून घेतलेलं दृश्य.)

'औदुंबर' ही कविता आठच ओळींची. नजर अशीच लांबून जवळ येते. झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे, मग ही पायवाट. रंगही बदलत येतात. हिरवा, निळासावळा, पांढरा आणि शेवटी डोहाचा काळा.

आठ ओळींत एकही माणूस दिसत नाही. 'मी'सुद्धा नाही. पायवाट आहे म्हणजे कुणीतरी चालून गेलं असणार. पण पाय दिसतात ते थेट शेवटच्या ओळीत, आणि तेही झाडाचे: 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.'

(मुळं, अगदी जवळून.)

त्याच ओळीतला 'असला' हा शब्द घ्या. असला औदुंबर, म्हणजे हा असा, समोर दिसतोय तसा? की 'असली माणसं नकोत' म्हणताना आपण नाक मुरडतो, तसा काही सूर आहे? मराठीला दोन्ही चालतं. कवी खुलासा करत नाही. लाटांवरच्या काळिम्यालाही तो 'गोड' म्हणतो आणि सरळ पुढे जातो.

मग वाचक कामाला लागतात. उंबर दत्ताचा, तेव्हा हा विरक्त योगी, असं कुणी म्हणालं. कुणाला तो खिन्न माणूस वाटला. काळ्या डोहाकडे जाणारी पांढरी वाट कुणाला मरणाकडे जाताना दिसली. बालकवी १९१८ साली, अवघ्या २७ व्या वर्षी रेल्वेखाली गेले, हे ठाऊक असलं की ती तशी दिसतेच. आणि हे निसर्गचित्र आहे, बाकी काही नाही, असंही ठणकावून सांगणारे आहेत.

(सूर्यास्त.)

ही वाचकाची मोकळीक जुनी आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने 'काव्यप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात एक साधं वाक्य घेतलं: सूर्य मावळला. गुराख्याने ऐकलं, तर गुरं आत घ्या. विक्रेत्याने ऐकलं, तर माल आवरा. संध्या करणाऱ्याने ऐकलं, तर वेळ झाली. प्रियकराला भेटायला जायचंय तिला कळतं, आता निघावं. वाट पाहत बसलेलीला कळतं, अजून आला नाही. वाक्य तेच. ही व्यंजना, न बोलता अर्थ सुचवण्याची शब्दांची ताकद. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने या न बोललेल्या अर्थाला, ध्वनीला, काव्याचा आत्मा म्हटलं होतं.

गाइडमध्ये मात्र 'मध्यवर्ती कल्पना' एकच. परीक्षेत तीच उतरते.

(तीन वाचक, एकामागून एक.)

शेवटची ओळ आम्ही तिघांना वाचायला दिली.

"दमलाय तो," ही म्हणते.

"छे, कुणाची तरी वाट बघतोय," हा.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "झाड आहे हो. पाण्याकाठी उंबर असायचाच."