स्लॅबवर काचेची कातडी

सपाट छत मराठवाड्याला नवं नाही. माळवदावर पांढऱ्या मातीचा फूटभर थर असायचा. ऊन अडवायचा खरा, पण चौरस मीटरला 400-500 किलो ओझं भिंतींवर ठेवायचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती ढासळल्या, तेव्हा हेच ओझं माणसांवर आलं.

आज घरोघरी स्लॅब आहेत. गळू लागले की पहिला सल्ला मिळतो तो विटांच्या तुकड्यांच्या कोब्याचा. म्हणजे चौरस मीटरला पुन्हा 200 किलोच्या आसपास. त्याऐवजी अंथरता येते ती फायबरग्लासची, म्हणजे काचेच्या तंतूंची मॅट. ती रेझिन नावाच्या, घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात भिजवायची आणि वर टॉपकोटचा संरक्षक लेप द्यायचा. रेझिन आणि टॉपकोट धरून एका थराचं वजन चौरस मीटरला जेमतेम 2 किलो. आणि पूर्ण गच्चीवर कुठे उघडा सांधा नाही. जालन्यातल्या बियाण्याच्या गोदामाला हे फार मोलाचं, कारण ओल लागलेलं बियाणं उगवत नाही.

1000 चौरस फुटांना 450 ग्रॅमची (चौरस मीटरला तेवढ्या वजनाची) मॅट साधारण 46 किलो, रेझिन 115 किलो, टॉपकोट 47 किलो लागतो. मॅटच्या पट्ट्या एकमेकींवर 5 सेंटिमीटर चढवायच्या. कठड्याच्या बुडाशी आधी सिमेंटचा गोलसर वाटा करून घ्यायचा. काटकोनात मॅट वळत नाही, उचलते आणि मागे हवा राहते.

आता जवळून बघा. कोरडी मॅट कापसासारखी पांढरी दिसते. रेझिन मुरलं की धागे सुटतात आणि मॅट जवळजवळ पारदर्शक होते. पांढरा डाग राहिला, तर तिथे रेझिन कमी पडलंय किंवा हवा अडकलीय. थर ओला आहे तोवरच लोखंडी रोलर फिरवा.

घाई मात्र ऊन करतं. किलोभर रेझिनला थंडीच्या सकाळी 20 मिली हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन) चालतो, कडक उन्हात 10 मिलीच. एप्रिलच्या दुपारी तर माल बादलीतच गोठतो. त्यामुळे काम सकाळी, तेही थोडा थोडा माल कालवून. घट्ट होण्याचा वेग वाढवणारं कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकत्र करू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये ढवळून घ्यायचं, हार्डनर नंतर.

सगळ्यात जास्त कामं फसतात ती ओल्या स्लॅबमुळे. आतली वाफ उन्हात वर येते आणि थराला फुगे येतात. मीटरभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी खाली थेंब दिसले तर थांबा. कोरड्या स्लॅबवरही प्रायमर हवाच.

एक भ्रम काढून टाका: एवढ्या पातळ थराने खोली थंड होत नाही. टॉपकोट पांढरा घेतला तर ऊन परततं, एवढंच. दुरुस्ती मात्र सोपी आहे. घासायचं आणि नवा तुकडा चिकटवायचा.

आणि काम सुरू करण्याआधी पाण्याची टाकी उचलून घ्या. टाकीखालची जागा सोडून पुढे सरकणारे ठेकेदार भेटतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात गळती नेमकी तिथूनच सुरू होते.