शिष्यवृत्तीचा अर्ज: तहसीलपासून बँक खात्यापर्यंत

(दृश्य: तालुक्याच्या गावातील सेतू कार्यालय. जून महिना. कागदांच्या पिशव्या हातात घेतलेले पालक आणि विद्यार्थी.)

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावी, सेतू कार्यालयासमोर आणि महा ई-सेवा केंद्रांसमोर रांगा लागू लागतात. या रांगेत उभ्या असलेल्या अनेक घरांत महाविद्यालयाची पायरी चढणारे हे पहिलेच मूल असते. त्याचा प्रवेश टिकणार की नाही, हे गुणांइतकेच पुढील काही आठवड्यांत गोळा होणाऱ्या दाखल्यांवरही अवलंबून असते.

शिक्षणासाठी राज्याने पैसा द्यावा, हा विचार या भूमीत नवा नाही. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करण्यास पाठबळ दिले. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. पुढे १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या शिक्षणासाठीची, शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. हीच योजना आज ‘भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’ या नावाने चालू आहे.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर महाडीबीटी संकेतस्थळ.)

राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज २०१७-१८ पासून ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. सामाजिक न्याय विभाग, आदिवासी विकास विभाग, इतर मागास बहुजन कल्याण विभाग, उच्च व तंत्रशिक्षण विभाग अशा अनेक विभागांच्या योजना तेथे एकत्र दिसतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची मर्यादा आठ लाख रुपये असून तिच्यातून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या आणि याच उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मुलींना पन्नासऐवजी शंभर टक्के शुल्काचा लाभ देण्यात आला. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर हा लाभ मिळत नाही. प्रवेशाच्या वेळी ही एक गोष्ट विचारून घेतली नाही, तर पुढे संपूर्ण शुल्काचा भार कुटुंबावर येतो.

आता कागदांकडे वळू. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि त्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून गेल्या वर्षीचा दाखला यंदा चालत नाही आणि दरवर्षी ही फेरी नव्याने करावी लागते. जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्याच्या जोडीला जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते, आणि खरी अडचण येथे उभी राहते.

(दृश्य: जुन्या शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टर.)

वैधता सिद्ध करण्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचा पुरावा मागितला जातो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ अशी आहे. म्हणजे आज अठरा वर्षांच्या मुलीला आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेतील नोंदीचा उतारा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची नक्कल किंवा जमिनीचा जुना दस्त शोधावा लागतो. ज्यांचे पूर्वज शाळेत गेले, ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांना हा पुरावा तुलनेने लवकर सापडतो. ज्या घराला शाळाही मिळाली नाही आणि जमीनही मिळाली नाही, ज्या भटक्या कुटुंबाचा मुक्काम एका गावात कधी राहिलाच नाही, त्यांच्याकडे दाखवायला नेमके तेच नसते. ज्यांच्यासाठी ही मदत सर्वाधिक आवश्यक आहे त्यांनाच पुरावा देणे सर्वाधिक कठीण जावे, ही या व्यवस्थेतील सर्वांत खोल उणीव आहे, असे आम्हाला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. वडिलांच्या किंवा सख्ख्या चुलत्यांच्या नावे वैधता प्रमाणपत्र आधीच मिळालेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून अर्जदाराने कपाटे धुंडाळण्यापूर्वी भावकीत चौकशी करावी.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवासाचा दाखला, शिधापत्रिका, गुणपत्रक यांपैकी जवळजवळ प्रत्येक कागद शासनाच्या किंवा शासनमान्य संस्थेच्याच कार्यालयातून निघालेला असतो. शासनाच्या एका कार्यालयाने दिलेला कागद दुसऱ्या कार्यालयाला नेऊन दाखवण्याचे काम मात्र विद्यार्थ्याकडे आहे, आणि त्यासाठी बुडणारी मजुरी त्याच्या आईवडिलांची आहे. दाखल्यावरील बारकोड क्रमांक टाकला की संकेतस्थळावर माहिती आपोआप येण्याची सोय झाली आहे. ती स्वागतार्ह आहे, आणि अशी सोय प्रत्येक दाखल्यासाठी व्हायला हवी.

(दृश्य: महाविद्यालयाचे कार्यालय. शिष्यवृत्ती विभागाची खिडकी.)

अर्ज ‘सबमिट’ केला म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात तेथून अर्जाचा प्रवास सुरू होतो. तो आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनवर जातो, मग प्राचार्यांच्या, आणि त्यानंतर संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयाकडे. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्रुटी आढळली तर तो ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याची सूचना नोंदवलेल्या मोबाइलवर येते. अर्ज सायबर कॅफेतून भरला असेल आणि तेथील चालकाचाच क्रमांक दिला असेल, तर अर्ज परत आल्याचे विद्यार्थ्याला कळतच नाही. म्हणून आधारशी जोडलेला स्वतःचा क्रमांक, वापरकर्ता नाव आणि पासवर्ड हे तिन्ही विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत लिहिलेले असावेत. संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा हक्क सोडून देण्याचा पर्यायही असतो. दुसऱ्याच्या हाती लॉगिन देताना हे विसरता कामा नये.

पैसे मंजूर झाल्यावरही एक अडथळा उरतो, आणि तो बँकेत असतो. बँकेत आधार कार्डाची प्रत दिली म्हणजे खाते शिष्यवृत्तीसाठी जोडले गेले असे होत नाही. थेट लाभ हस्तांतरणाची रक्कम, बँकांमधील देवघेवीची यंत्रणा चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या नोंदीत त्या आधार क्रमांकासमोर जे खाते असेल तेथेच जाते, आणि तेथे एका वेळी एकच खाते असते. विद्यार्थ्याने मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडून तेथे आधार जोडण्यास संमती दिली असेल, तर पैसे त्या नव्या खात्यात जातात आणि घरचे जुन्या पासबुकावर नोंद शोधत राहतात. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ही जोडणी पाहता येते. अर्ज भरण्याच्या दिवशीच ती पाहून घ्यावी.

मदत किती मिळते, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत शुल्काशिवाय शैक्षणिक भत्ता असतो. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला तो वर्षाला १३,५०० रुपये आहे, आणि अकरावी-बारावीच्या, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला २,५०० रुपये. हे महिन्याला दोनशे रुपयांच्या थोडेसे वर जाते. खेड्यातून रोज एसटीने येणाऱ्या मुलाचा वह्या-पुस्तकांचा खर्चही त्यात भागत नाही. त्या मानाने, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना अधिक वास्तववादी आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तिच्यातून भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. वसतिगृहाची यादी पाहून निराश झालेल्या विद्यार्थ्याने समाजकल्याण कार्यालयात या योजनेची चौकशी केल्याशिवाय परतू नये.

(दृश्य: महाविद्यालयाच्या सूचना फलकावरील शुल्काची नोटीस.)

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा साठ टक्के हिस्सा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातील शुल्काची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयात भरणे अपेक्षित असते. ही रक्कम बहुधा उशिरा येते, कधी परीक्षा होऊन गेल्यावर. तोवर घरात आजारपण किंवा पेरणी आली असेल तर पैसे तिकडे वळतात. दुसरीकडे, शुल्क बाकी आहे म्हणून शाळा सोडल्याचा दाखला किंवा गुणपत्रक अडवून ठेवले जाते. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिष्यवृत्तीत बसणारे शुल्क आगाऊ मागू नये, अशी योजनेची अपेक्षा आहे. तसे मागितले गेले तर विद्यार्थ्याने तोंडी वाद न घालता मागणी लेखी घ्यावी आणि समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांकडे अर्ज करावा.

पुढच्या वर्षी हाच अर्ज नूतनीकरणासाठी पुन्हा भरायचा असतो, नवा उत्पन्नाचा दाखला आणि मागील वर्षाचे गुणपत्रक जोडून. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विशेष काळजी घ्यावी. महाविद्यालय सुटल्यावरही त्यांचा अखेरचा हप्ता प्रलंबित असू शकतो आणि अर्ज परत आला तर दुरुस्ती त्यांनाच करावी लागते, म्हणून नोकरीसाठी गाव सोडल्यावरही तो मोबाइल क्रमांक आणि ते बँक खाते, शेवटचा रुपया जमा होईपर्यंत, बंद करू नये.