खुर्चीत बसून गुडघा झिजतो का?

नमस्कार मंडळी. समोर बँकेतले, आयटीतले, सरकारी कचेऱ्यांतले लोक जास्त दिसतायत, म्हणून प्रस्तावना न करता मुद्द्यावर येतो. टेबलावर काम करणारा माणूस गुडघा धरून आला, की त्याचं एक वाक्य ठरलेलं असतं: "डॉक्टर, मी तर दिवसभर बसूनच असतो, माझे गुडघे कसे काय दुखतील?" यामागचा हिशोब असा, की वापरलं की झिजतं आणि जपून ठेवलं की टिकतं. यंत्राच्या सुट्या भागाला तो लागू आहे. गुडघा जिवंत आहे, त्यामुळे तिथे तो चुकतो.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. मग त्याला खायला कोण घालतं? सांध्यातला द्रव. निरोगी गुडघ्यात तो जेमतेम चमचाभरही नसतो. पाऊल टाकलं की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचललं की सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यात स्पंजासारखा तो द्रव आत-बाहेर होतो. हीच तिची जेवणाची सोय. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या रुग्णांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले, तेव्हा वर्षभरातच कूर्चा पातळ झालेली दिसली. गुडघ्यावर भार नव्हता, तरीही. ऑफिसातला माणूस म्हणजे असा रुग्ण नव्हे, हे मान्य. पण विश्रांतीने गुडघा टिकतो, या समजुतीला एवढं उत्तर पुरे.

आता खुर्चीची बाजूही मांडतो, नाहीतर अन्याय होईल. गुडघ्याच्या संधिवाताशी कामांचा संबंध शोधला, की पुरावा बोट दाखवतो तो गुडघ्यांवर टेकून, उकिडवं बसून किंवा ओझं उचलून कराव्या लागणाऱ्या कामांकडे. म्हणजे फरशी बसवणारा, हमाल, शेतात राबणारी बाई. टेबलावरचा कारकून त्या यादीत वर नाही. 'बसणं म्हणजे नवं धूम्रपान' वगैरे जे फॉरवर्ड तुमच्या ग्रुपवर येतात, ते मला अतिरंजित वाटतात. खुर्ची गुडघ्याला थेट मारत नाही. ती आधी मांडी पोखरते आणि वजन वाढवते, मग बाकीचं काम आपोआप होतं.

मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायूंचा एक गट आहे. गुडघ्याची वाटी याच गटाच्या ताब्यात असते. तुम्ही बसता तेव्हा तो सुटीवर असतो, आणि रोज आठ-दहा तास सुटी मिळाली की कोणीही काम विसरतो. हा गट कमकुवत असलेल्यांना पुढे गुडघ्याचा संधिवात होण्याची शक्यता वाढते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

पुण्यात याचा निकाल सोमवारी लागतो. आठवडाभर हिंजवडीत खुर्चीत, जाता-येता क्लचवर पाय, आणि रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. चढताना दम लागतो पण गुडघा तक्रार करत नाही. वर पिठलं-भाकरी होते, दही होतं. दुखतं ते उतरताना, कारण प्रत्येक पायरीला मांडीच्या स्नायूला ताणत-ताणत ब्रेक लावावा लागतो. सपाटीवर चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो, जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो. सोमवारी माणूस येऊन सांगतो, 'गडाने गुडघा घालवला.' गडाचा दोष नाही हो. सोमवार ते शनिवार काय केलं, ते सांगा.

दुसरी तक्रार आणखी ओळखीची. मीटिंग लांबली, सिनेमा संपला, एसटीतून उतरायचं आहे. उठताना एक हात टेबलावर जातो, वाटीमागे काहीतरी खुपतं, पहिली तीन-चार पावलं माणूस वाकून टाकतो आणि मग सरळ चालायला लागतो. बरेच जण 'वय झालं' म्हणून सोडून देतात. पण ही तक्रार पंचविशीतल्या मुलामुलींतही भरपूर दिसते आणि त्यांचा एक्स-रे बहुधा स्वच्छ असतो.

आत्ता जरा खाली पाहा. तुमचे पाय कुठे आहेत? निम्म्या लोकांनी टाचा खुर्चीखाली ओढून घेतल्यात. त्याने गुडघा काटकोनापेक्षा जास्त दुमडतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. पाय थोडे पुढे सोडा. तळवे पूर्ण टेकायला हवेत. खुर्चीची कड आणि गुडघ्याच्या मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा हवी. कमी उंचीच्या बायकांचे पाय ऑफिसच्या खुर्चीत लोंबकळतात, त्यांनी खाली जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवला तरी चालेल.

आता हात छातीवर घ्या आणि कशाचा टेकू न घेता सावकाश उभे राहा. तसेच सावकाश बसा. पाच वेळा. (थोडी कुरकुर ऐकू आली, ती खुर्च्यांची होती असं धरतो.) ज्यांना तिसऱ्या वेळी धप्पकन बसावं लागलं, त्यांना मांडीचा हिशोब कळला. हीच चाचणी आणि हाच व्यायाम. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा वेळा करा. कॉम्प्युटरसमोर बसल्या-बसल्या एक पाय सरळ करून मांडी घट्ट आवळायची, पाच-सात सेकंद धरायची, सोडायची. शेजाऱ्याला कळतही नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उठा. त्यासाठी फोनवर गजर लावणारे चार दिवसांत तो बंद करतात. त्यापेक्षा पाण्याची बाटली लहान ठेवा, झक मारत उठावं लागतं.

वजनाबद्दल थोडक्यात. 2005 साली अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं, की वजन एक किलोने उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. दिवसभरात किती पावलं टाकता, गुणाकार घरी करा.

आणि धावण्याला घाबरणाऱ्यांसाठी: 2017 मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हौशी धावपटूंत गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण 3.5 टक्के होतं, बैठ्या लोकांत 10.2 टक्के. मात्र स्पर्धेत धावणाऱ्यांत ते 13.3 होतं. हौस पुरे.

चिठ्ठ्या आल्या आहेत, घेतो. 'मांडी घालून, उकिडवं बसावं का?' गुडघा निरोगी असेल तर थोडा वेळ जरूर बसा. तासन् तास नको. बीजिंगमधल्या पाहणीत, तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्या म्हाताऱ्यांत गुडघ्याचा संधिवात जास्त आढळला होता. दुखरा गुडघा असेल तर जेवायला टेबल-खुर्ची घ्या, त्यात कमीपणा नाही.

'कटकट आवाज येतो.' दुखत नसेल, सूज नसेल, तर येऊ द्या.

'वंगण वाढवायच्या गोळ्या?' ग्लुकोसामाइनची मोठी चाचणी 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. एकूण रुग्णांत त्या गोळ्या बनावट गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. त्या पैशांत चांगले बूट येतात.

'उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का?' घ्या, पण दिवसभर त्यावर उभे राहू नका. पायाच्या शिरा फुगतात, कंबर धरते. स्थिती बदलत राहायची सोय म्हणूनच त्याचा उपयोग.

शेवटची चिठ्ठी: 'लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीत दुखतं आणि सूज येते, तेल लावून चोळावं का?' अजिबात नाही. 1940 मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र-रात्र निवाऱ्यांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. खुर्चीची पुढची दांडी मांडीखाली, गुडघ्याच्या मागे रुतायची, शिरेत रक्त गोठायचं आणि ती गुठळी फुप्फुसात जाऊन माणसं दगावायची. डॉ. कीथ सिम्पसन यांनी हे मृत्यू नोंदवले. तेव्हा एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं असेल तर चोळू नका, मालिशवाल्याकडे जाऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर थेट इस्पितळात.